शिबिराचे कार्यफल : सेवाकार्याच्या परीक्षणाविषयी

धन्वंतरी जयंतीच्या निमित्ताने मोफत रुग्णतपासणी शिबिर घेण्याची प्रथा आपल्या व्यवसायात रुजून बराच काळ लोटला. २०१६ पासून धनत्रयोदशीस राष्ट्रीय आयुर्वेद दिन साजरा होऊ लागला आणि २०२५ पासून त्यासाठी २३ सप्टेंबर हा दिवस निश्चित झाला. त्यामुळे अशा उपक्रमांना आता वर्षातून दोन निमित्ते मिळू लागली आहेत. वैद्यमंडळी आपला दिवस देतात, औषधी कारखानदार औषधे देतात, दुकानदार बांधव खोकी पोहोचवितात आणि एखादी शाळा वा मंगल कार्यालय जागा उपलब्ध करून देते. हे सर्व निरपेक्ष बुद्धीने होते, यात शंका नाही. मात्र शिबिरानंतर जो अहवाल लिहिला जातो, तो वाचताना एक उणीव सातत्याने जाणवते. तपासलेले रुग्ण किती, वाटलेल्या औषधांचे मूल्य किती आणि उपस्थित मान्यवर कोण, एवढे त्यात असते. त्या रुग्णांचे पुढे काय झाले, हे नसते.

ही उणीव केवळ वैद्यांच्या शिबिरांची नाही. अन्नदान, शिष्यवृत्ती, वृक्षारोपण, व्यसनमुक्ती अशा सर्वच सेवाकार्यांत किती दिले हे मोजले जाते, काय साधले हे क्वचित. नोंदणीकृत न्यासांना हिशेब तपासून घेऊन तो धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावा लागतो. परंतु पैसा कोठे गेला एवढेच त्या हिशेबातून कळते, तो सत्कारणी लागला किंवा कसे हे कळत नाही. मोठ्या उद्योगांच्या बाबतीत कायद्याने या दिशेने पाऊल टाकले आहे. कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ अन्वये विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार, मागील तीन वर्षांत ज्यांचे असे सरासरी दायित्व दहा कोटी रुपये वा अधिक आहे, त्यांना एक कोटी वा अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे स्वतंत्र परिणाम-मूल्यमापन करवून घेणे बंधनकारक झाले. आपल्या बहुसंख्य औषधशाळा या मर्यादेच्या कितीतरी खाली आहेत. कायद्याची सक्ती नाही म्हणून प्रश्न सुटत नाही; उलट ज्याच्याजवळ देण्यासारखे थोडे आहे त्याने ते कोठे द्यावे याचा विचार अधिक काटेकोरपणे करणे अगत्याचे ठरते.

दशविध परीक्ष्य आणि आपला अहवाल

परीक्षण, मूल्यमापन, आकडेवारी हे शब्द ऐकले की ही व्यवस्थापनशास्त्राची आयात आहे असे काही ज्येष्ठ मंडळींस वाटते. चरकसंहितेच्या विमानस्थानातील रोगभिषग्जितीय या आठव्या अध्यायाचे अध्ययन केलेल्यांना तसे वाटण्याचे कारण नाही. कोणत्याही कार्यास हात घालण्यापूर्वी कारण, करण, कार्ययोनी, कार्य, कार्यफल, अनुबंध, देश, काल, प्रवृत्ती आणि उपाय या दहा गोष्टींची परीक्षा करावी, असे तेथे सांगितले आहे. चिकित्सेच्या संदर्भात कारण म्हणजे कर्ता वैद्य, करण म्हणजे औषध, कार्ययोनी म्हणजे धातुवैषम्य, कार्य म्हणजे धातुसाम्य, कार्यफल म्हणजे सुखप्राप्ती आणि अनुबंध म्हणजे आयुष्य. प्रवृत्ती म्हणजे प्रत्यक्ष चिकित्साकर्माचा आरंभ.

आता या दहांच्या कसोटीवर आपला शिबिराचा अहवाल लावून पाहावा. औषधांचे मूल्य लिहिले, ते करण झाले. इतके रुग्ण तपासले, ती प्रवृत्ती झाली. मान्यवरांची व वैद्यांची नावे लिहिली, ते कारण झाले (मान्यवरांना कारण म्हणावे किंवा नाही, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवितो). कार्य, कार्यफल आणि अनुबंध या तीन जागा रिकाम्या राहतात. आजचे मूल्यमापनशास्त्र ज्याला साधने, कृती, निष्पत्ती आणि दीर्घकालीन परिणाम म्हणते, त्याच्याशी ही मांडणी बऱ्याच अंशी जुळते. आणि दोन्हीकडे दोष एकच सांगितला जातो, तो म्हणजे कृतीलाच निष्पत्ती समजणे.

कार्य झाले हे ओळखावे कशावरून, हेही त्याच अध्यायात आहे. वेदनेचा उपशम, स्वर व वर्ण प्राकृत होणे, बलवृद्धी, अन्नाची इच्छा, घेतलेल्या अन्नाचे योग्य काळी पचन, योग्य वेळी झोप, सुखाने जाग येणे, मलमूत्रादींचे सुखाने विसर्जन, मन-बुद्धी-इंद्रियांची अव्यथा अशी लक्षणांची यादी तेथे मिळते. यांपैकी पाच-सहा लक्षणे निवडून शिबिराच्या दिवशी विचारली आणि तीच ठरावीक मुदतीनंतर पुन्हा विचारली, तर फेरतपासणीची प्रश्नावली तयार होते. ती नव्याने शोधून काढण्याची गरज नाही.

अंश आणि छेद

फेरतपासणी होते तेथेही आकड्यांची मांडणी अनेकदा फसवी असते. समजा, एका शिबिरात संधिशूलाचे २०० रुग्ण तपासले. महिन्याभराने बोलाविल्यावर ५० आले आणि त्यांपैकी ४० जणांनी उतार पडल्याचे सांगितले. अहवालात '८० टक्के रुग्णांना लाभ' असे वाक्य येईल. अंश ४० आहे हे खरे. परंतु छेद ५० धरावा की २००? २०० धरल्यास लाभ २० टक्क्यांवर येतो. वास्तव कोठे आहे हे सर्वस्वी न आलेल्या १५० जणांवर अवलंबून आहे. कोणी बरा झाला म्हणून आला नसेल. कोणाला गुण आला नाही म्हणून तो दुसरीकडे गेला असेल. कोणाला औषधाने मलावष्टंभ वा अतिसार झाला असेल. आणि हीच माहिती औषध देणाऱ्यास सर्वांत आधी हवी.

यावर उपाय फारसा खर्चाचा नाही. न आलेल्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या करून त्यांतील वीस-पंचवीस उचलाव्यात आणि तेवढ्याच घरांपर्यंत जावे किंवा दूरध्वनी करावा. चिठ्ठ्या उचलूनच निवड करावी, जवळचे किंवा ओळखीचे घर पाहून नव्हे. आणि विचारणारा शक्यतो शिबिरात औषध देणारा वैद्य नसावा. ज्या हाताने फुकट औषध दिले त्याच हाताला 'गुण आला नाही' असे सांगण्याचा संकोच आपल्याकडे मोठा आहे. खेड्यातील माणूस वैद्याचे मन मोडत नाही.

छेदाचा आणखी एक प्रश्न आहे. शिबिरास येतो तो रुग्ण दिसतो, न येणारा दिसतच नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' या संस्थेद्वारे केलेला, १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला स्त्रीरोगविषयक अभ्यास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्यांनी तक्रार घेऊन आलेल्या स्त्रियांचीच गणना केली नाही. दोन गावांतील स्त्रियांना तपासणीस बोलाविले. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ५५ टक्के स्त्रियांना काही तक्रार होती, परंतु तपासणीत एक वा अधिक विकार आढळलेल्या स्त्रियांचे प्रमाण ९२ टक्के होते. आणि पूर्वी कधी अशी तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. प्रदराची तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या संख्येवरून गावातील प्रदराचे प्रमाण ठरविणारा वैद्य किती दूर राहील, हे यावरून लक्षात यावे.

ऋतू बदलला की गुण येतो

परीक्षणातील सर्वांत कठीण आणि सर्वांत दुर्लक्षित भाग तुलनेचा आहे. तो समजावून घेण्यास आयुर्वेदाच्या अभ्यासकास अडचण पडू नये. वाताचा संचय ग्रीष्मात, प्रकोप वर्षाऋतूत आणि प्रशम शरदात होतो, हे आपण पहिल्या वर्षीच शिकतो. आता एखाद्या संस्थेने श्रावणात संधिवाताचे शिबिर घेतले, औषध दिले आणि आश्विनात फेरतपासणी केली, तर औषध कोणतेही असो, वा नसो, काही रुग्णांचा शूल कमी झालेला आढळणारच. तो गुण औषधाचा, पथ्याचा, की ऋतूचा? शिवाय रुग्ण वैद्याकडे येतो तोच मुळी वेदना असह्य झाल्यावर. अशा वेळी व्याधीचा वेग स्वभावतःच ओसरण्याचा संभव अधिक असतो. 'आधी' आणि 'नंतर' एवढेच मोजणाऱ्याच्या पदरी हे सर्व श्रेय आयते पडते.

यातून सुटण्याचा मार्ग एकच : त्याच काळात, त्याच प्रदेशात, तशाच परंतु ज्यांच्यापर्यंत आपले कार्य पोहोचलेले नाही अशा लोकांची नोंद ठेवणे. ऋतू दोघांनाही सारखाच बदलतो, पीकपाणी दोघांचे सारखेच होते, शासनाचा नवा रस्ता वा नवी योजना दोघांकडेही येते. त्यानंतरही जो फरक उरतो तो आपल्या कार्याचा मानता येतो. चार प्रमाणांच्या परिभाषेत बोलायचे तर रुग्णास उतार पडला हे प्रत्यक्ष आहे. तो आपल्यामुळे पडला हे अनुमान आहे, आणि अनेक कारणांचा एकत्र विचार करून ते अनुमान पारखण्याचे काम युक्तीचे आहे.

गडचिरोलीतील ८६ गावे

या पद्धतीने सेवा आणि परीक्षण एकाच वेळी कसे चालविता येते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत सुस्पष्ट उदाहरण पुन्हा 'सर्च'चेच आहे. ते आधुनिक वैद्यकाचे कार्य आहे म्हणून आपण दूर ठेवू नये. येथे औषधापेक्षा पद्धती अभ्यासावयाची आहे.

प्रश्न नवजात बालकांच्या मृत्यूंचा होता. संस्थेने ३९ गावे कार्यासाठी व ४७ गावे तुलनेसाठी घेतली. १९९३ ते १९९५ या दोन वर्षांत दोन्हीकडील आरंभीची स्थिती नोंदली गेली. जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आत दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे कार्यक्षेत्रात ६२ आणि तुलनाक्षेत्रात ५८ होते, म्हणजे दोन्ही क्षेत्रे जवळपास सारखी होती. ही दोन वर्षांची नोंद आमच्या मते या संपूर्ण कार्याचा पाया आहे. दाता असो वा कार्यकर्ता, त्याला पहिल्या दिवसापासून 'काहीतरी करण्याची' घाई असते. दोन वर्षे मोजत बसणे त्याला निष्ठुरपणाचे वाटते. परंतु आरंभीची नोंद एकदा हुकली की ती पुन्हा करता येत नाही.

पुढे १९९५-९६ या वर्षात गावातील प्रशिक्षित स्त्री-कार्यकर्त्यांनी, ज्यांना तेथे आरोग्यदूत म्हणतात, ७६३ नवजात बालकांचे घरी जाऊन निरीक्षण केले. वजन, श्वास, ताप, स्तनपान अशा साध्या गोष्टी ठरावीक दिवशी नोंदविल्या. त्यातून आढळले की ५४.४ टक्के बालकांना वैद्यकीय मदतीची गरज होती आणि ती मिळाली केवळ २.६ टक्के बालकांना. या दोन आकड्यांनी कार्याची दिशा ठरविली. दवाखाना मोठा करून हा प्रश्न सुटणार नव्हता. कारण बाळंतिणीला व बाळाला घराबाहेर न काढण्याच्या रूढीमुळे आणि अंतरामुळे बाळ दवाखान्यापर्यंत येतच नव्हते. म्हणून उपचारच घरापर्यंत नेण्याचे ठरले. आरोग्यदूतांना जन्मतः न रडणाऱ्या बाळास श्वास देणे, बाळ उबदार ठेवणे, कमी वजनाच्या बाळाचे स्तनपान सांभाळणे, आणि रुग्णालयात ज्याला सेप्सिस म्हणतात तो जंतुसंसर्ग लक्षणांवरून ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकविण्यात आले.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, कार्यक्षेत्रातील ९३ टक्के नवजात बालकांपर्यंत ही सेवा पोहोचली होती. मृत्यूचे प्रमाण ६२ वरून २५.५ पर्यंत उतरले. तुलनाक्षेत्रातील प्रमाण मात्र जवळजवळ होते तेथेच राहिले. या तुलनेने निव्वळ घट ६२.२ टक्के ठरली. सेप्सिस झालेल्या बालकांतील मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. एका बालकामागे खर्च ५.३ अमेरिकन डॉलर आला आणि सांभाळलेल्या दर १८ बालकांमागे एक मृत्यू टळला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या शेवटच्या दोन आकड्यांकडे औषधशाळांच्या चालकांनी विशेष लक्ष द्यावे. 'आम्ही इतक्या बालकांना सेवा दिली' हे वाक्य आणि 'दर १८ बालकांमागे एक मृत्यू टळला' हे वाक्य यांत मोठे अंतर आहे. पहिल्या वाक्यावर टाळ्या मिळतात. दुसऱ्या वाक्यावर धोरण ठरविता येते, कारण त्याला खर्च जोडता येतो आणि दुसऱ्या एखाद्या योजनेशी ते ताडून पाहता येते. केंद्र शासनाने २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवेची मार्गदर्शक तत्त्वे लागू केली, त्यामागे या आकड्यांचा मोठा वाटा आहे. केवळ सेवाभावाची कहाणी सांगून हे साधले असते, असे आम्हांस वाटत नाही.

तथापि गडचिरोलीचा आकडा तो गडचिरोलीचा. देश बदलला, कर्ता बदलला, उपायातील काटेकोरपणा बदलला की कार्यफल बदलते. एका संस्थेच्या जवळच्या देखरेखीखाली ३९ गावांत जे घडले तेच लाखो कार्यकर्त्यांच्या योजनेत तसेच्या तसे घडेल, असे कोणी गृहीत धरू नये. तेथे पुन्हा मोजावे लागते.

एक किलो डाळ

खर्चाच्या हिशेबात भावना किती दिशाभूल करते याचे एक बोलके उदाहरण राजस्थानातील आहे. उदयपूर जिल्ह्यात 'सेवा मंदिर' या संस्थेच्या सहकार्याने १३४ गावांत बालकांच्या लसीकरणाचा अभ्यास झाला. अभ्यासकांत अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो होते. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. (बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या मातोश्री निर्मला या माहेरच्या पाटणकर, एवढे जाता जाता सांगण्यास हरकत नाही.) काही गावांत दरमहा ठरलेल्या दिवशी न चुकता लसीकरण शिबिर भरविले गेले. काही गावांत तेच शिबिर, परंतु प्रत्येक लसीमागे मातेला एक किलो डाळ आणि सर्व लसी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच. उरलेली गावे तुलनेसाठी. कोणत्या गावाला काय, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरविले गेले.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संपूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे प्रमाण तुलनेच्या गावांत ६ टक्के, केवळ शिबिराच्या गावांत १८ टक्के आणि डाळीच्या गावांत ३९ टक्के आढळले. पहिली लस घेणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही प्रकारच्या शिबिरांत जवळपास सारखे होते. फरक पडला तो पुढच्या फेऱ्यांत. म्हणजे लोकांचा लसीला विरोध नव्हता. पहिल्यांदा येणे सोपे होते, रोजगार बुडवून पाचव्यांदा येणे कठीण होते, आणि डाळीने तेवढी उणीव भरून काढली.

डाळ देणे ही लाच आहे, स्वतःच्या बाळाच्या हितासाठी आईला आमिष कशाला, असा आक्षेप सहज सुचतो. दाता तर म्हणेल की औषधांचे पैसे डाळीवर का उधळायचे? हिशेब उलटा निघाला. संपूर्ण लसीकरण झालेल्या एका बालकामागे खर्च डाळीविना सुमारे ५६ डॉलर आणि डाळीसह सुमारे २८ डॉलर आला. कारण उघड आहे. परिचारिकेचे वेतन आणि वाहनाचे भाडे पाच बालके आली तरी तेवढेच आणि पंधरा आली तरी तेवढेच. आपल्या शिबिरांतही मांडव, प्रवास व वैद्यांचा वेळ हाच मोठा खर्च असतो. फेरतपासणीस येणाऱ्या वृद्ध रुग्णास एस.टी.चे भाडे दिले तर ते उधळपट्टीत मोडेल की काटकसरीत, हे मोजल्याविना सांगता येणार नाही.

आपल्या शाखांना करण्यासारखे

पांडुरोगाचे उदाहरण घेऊ, कारण तेथे लक्षणांबरोबर एक निश्चित मापही उपलब्ध आहे. गर्भवती नसलेल्या स्त्रियांत हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात आणि ८ ग्रॅमच्या खाली तो तीव्र समजला जातो. एखाद्या जिल्हा शाखेने गावोगाव पुनर्नवा मांडूर वा नवायस चूर्णाचे वाटप योजले असेल, तर ते एका दिवसात सर्वत्र वाटण्याऐवजी टप्प्याटप्प्याने करावे. निवडलेल्या गावांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. निम्म्या गावांत पहिल्या तिमाहीत वाटप, उरलेल्या निम्म्या गावांत दुसऱ्या तिमाहीत. आरंभी व तीन महिन्यांनी मापन मात्र सर्व गावांत, एकाच प्रकारच्या यंत्रावर. अशा रीतीने कोणी वंचित राहत नाही, औषधाचा साठाही एकदम लागत नाही, आणि थांबलेली गावे आपोआप तुलनेची गावे होतात. ८ ग्रॅमखालील स्त्री कोणत्याही गावातील असो, तिला थांबवून ठेवता येणार नाही. तिची रवानगी त्याच दिवशी रुग्णालयाकडे व्हावी.

दोन गावांवरून निष्कर्ष काढता येत नाही. एका गावात त्याच सुमारास जंतनाशक मोहीम झाली तरी सर्व हिशेब बिघडतो. म्हणून एका शाखेने एकटीने हे करण्यापेक्षा दहा-बारा शाखांनी एकच नमुना ठरवून एकत्र करावे. शिवाय अशा रीतीने गट पाडून औषधाचा परिणाम पाहणे हे संशोधन ठरते. तेव्हा संस्थात्मक नीती समितीची मान्यता, रुग्णांची लेखी संमती आणि 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया' येथील पूर्वनोंदणी या गोष्टी टाळून चालणार नाहीत. जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाचा स्वस्थवृत्त विभाग यात सहभागी झाल्यास हे काम सुकर होईल. ज्यांना एवढे शक्य नाही त्यांनी निदान फेरतपासणी आणि न आलेल्यांतील चिठ्ठ्यांचा शोध एवढे तरी करावे. त्याला कोणाच्या मान्यतेची वाट पाहावी लागत नाही, फक्त रुग्णाची अनुमती आणि त्याच्या नावाची गुप्तता पाळावी लागते. शिबिरातील रुग्णांची छायाचित्रे नावानिशी छापण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस तरी प्रशस्त वाटत नाही.

औषधशाळांच्या चालकांकडून दोन अपेक्षा आहेत. वाटलेल्या प्रत्येक औषधाचा बॅच क्रमांक शिबिराच्या नोंदवहीत रुग्णाच्या नावासमोर यावा, म्हणजे कोणास त्रास झाल्यास तो कल्पाचा, त्या बॅचचा की मात्रेचा हे शोधता येईल. दुसरी अपेक्षा अधिक अवघड आहे. औषध ज्यांचे, गणना त्यांची नसावी. आणि गणनेचा निष्कर्ष कोणत्याही बाजूचा निघाला तरी तो प्रसिद्ध होईल, हे आरंभीच लेखी ठरलेले असावे. गुण आलेल्या शिबिरांचेच अहवाल छापले गेले आणि न आलेल्यांचे कपाटात राहिले, तर वाचणाऱ्या वैद्यास प्रत्येक कल्प रामबाण वाटू लागतो आणि त्याचा फटका शेवटी रुग्णाला बसतो.

खर्चाविषयी शंका येईल, म्हणून थोडे स्पष्ट करतो. शिबिराच्या एकूण अंदाजपत्रकातील दहावा भाग फेरतपासणीसाठी आधीच बाजूला काढावा. शिबिर संपल्यावर उरेल त्यातून करू, असे म्हटल्यास काही उरत नाही. या रकमेत एका विद्यार्थ्याचे मानधन, प्रवासभाडे आणि दूरध्वनीचा खर्च भागेल. नोंदवहीत रुग्णाचे नाव, वय, गाव, संपर्काचा क्रमांक, मुख्य लक्षण व त्याची तीव्रता, दिलेले औषध व बॅच, आणि पुढील भेटीची तारीख एवढे रकाने पुरेसे आहेत. त्यासमोरचे पान तीन महिन्यांनंतरच्या नोंदीसाठी कोरे ठेवावे. रकाने वाढविण्याचा मोह आवरावा. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली कोणी पूर्ण भरीत नाही, आणि गर्दीच्या वेळी घाईने भरलेला रकाना कोऱ्या रकान्यापेक्षा घातक असतो.